कोंबड्यांसाठी वेगळी चूल

आमच्या लॅबमध्ये प्रत्येक गोष्टीला लेबल लावावं लागतं. कुपीला, कुपीच्या डब्याला, तो डबा ज्या डब्यात जातो त्या डब्याला, आणि फ्रीजमधल्या दह्यालासुद्धा. (दह्याचा फ्रीज वेगळा आहे हं, घाबरू नका!) बिनलेबलाची एकच गोष्ट इथे साठत जाते, ती म्हणजे किस्से. ते कोणी मुद्दाम ठेवत नाही आणि कोणी काढूनही टाकत नाही. मशीन गरगरत असतं, चहा गाळून होतो, आणि कोणीतरी सुरू करतं, "ए, तो धुरवाला खोका आठवतो?" की पुन्हा सगळं पहिल्यापासून! यातल्या बऱ्याच किश्शांमध्ये किंचाळणारी व्यक्ती मी असते. म्हणून म्हटलं, दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावण्याआधी आपणच सांगून टाकावं.

आमची लॅब ठाण्यात, खोपटच्या एसटी डेपोमागे, एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली दहावीचे क्लासेस, वर कोंबड्यांचे रोग. गावातल्या घरोघरच्या कोंबड्यांमध्ये कुठला आजार फिरतोय का, हे आम्ही तपासतो. हेच काम, याच पद्धतीनं, केनियात आणि नेदरलँड्समध्येही चालतं. पक्षी काही व्हिसा काढून उडत नाहीत. एका देशात काही नवं दिसलं तर बाकीच्यांना लगेच कळायला हवं, आणि त्यासाठी तिघांचं मोजमाप एकसारखं हवं. एवढाच सगळा मामला.

आम्ही चौघं. सबनीस मॅडम प्रमुख. जनावरांच्या डॉक्टर, मूळच्या पुण्याच्या, सगळ्यांना अहो-जाहो करणाऱ्या. उद्या कोंबडी केबिनमध्ये आली तर तिलाही "या, बसा" म्हणतील. भोईरदादा आंबिवलीजवळच्या गावचे. गावोगाव फिरून नमुने आणतात. सोहम कॉम्प्युटर सांभाळतो आणि दिवसातून दहादा "लोड नको घेऊस यार" म्हणतो. आणि मी, शर्वरी. डोंबिवलीची, मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी, आणि जन्मजात दचकी.

पहिल्याच दिवशी मॅडमनी समोर बसवून सांगितलं, "शर्वरी, एक गोष्ट स्पष्ट असू द्या. पहिलं वर्ष आपण कच्चे भागीदार आहोत. आपला प्रत्येक निकाल नेदरलँड्सला पुन्हा तपासला जाणार. वर्षाच्या शेवटी डॉक्टर पीटर स्वतः पाहणीला येतील. ते हो म्हणाले, तर आपण पक्के. नाही म्हणाले, तर लॅब बंद आणि आपण चौघं घरी."

मी संध्याकाळी हे आईला सांगायला गेले. पण तोवर आईनं बिल्डिंगभर सांगून टाकलेलं, "आमची शर्वरी फॉरेनच्या प्रोजेक्टमध्ये पर्मनंट लागली!"

*

त्याच पहिल्या दिवसाचा किस्सा. लॅबच्या दारात जमिनीवर एक लाल पट्टी आहे. बाहेरची चप्पल पट्टीच्या अलीकडे काढायची, लॅबची चप्पल पट्टीच्या पलीकडे घालायची, म्हणजे बाहेरचं काही आत जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही. साधं आहे.

पण मला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. मला दिसलं एवढंच, की दारात चपला काढलेल्या आहेत. आता आपल्याला जन्मापासून काय शिकवलंय? दारात चपला दिसल्या की आपल्या काढायच्या! मी काढल्या आणि भक्तिभावानं अनवाणी आत गेले. उजवा पाय आधी टाकला. नवी नोकरी ना!

मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "शर्वरी, घंटा वाजवायची राहिली."

*

घंटेवरून आठवलं. आम्ही ज्या काचेच्या कपाटात हात घालून काम करतो, त्याची काच जरा जास्त वर गेली की अलार्म वाजतो. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा मी अशी ओरडले की खालच्या क्लासमधले सर वर आले, "काही झालं का?" म्हणून. दुसऱ्यांदा वाजला तेव्हाही आले. तिसऱ्यांदा नाही आले. खालूनच ओरडले, "काच खाली घ्या, मॅडम!"

नंतर नंतर असं व्हायला लागलं की काच वर जातेय असं वाटलं तरी माझ्या तोंडून "अगं आई!" निघायचं. एकदा तो अलार्म बिघडला. दुरुस्तीवाला आठवडाभर येणार नव्हता. मॅडम काळजीत पडल्या. भोईरदादा म्हणाले, "मॅडम, कशाला टेन्शन घेताव? मशीनच्या आधी हीच वाजते!"

*

आता तो धुरवाला खोका.

वर्षभरात नेदरलँड्सहून मधूनमधून आमच्यासाठी सरावाचे नमुने यायचे. मेलेल्या, निरुपद्रवी विषाणूंचे, पण थंडगार ठेवावे लागणारे. म्हणून ते ड्राय आइसमध्ये पाठवतात. ड्राय आइस म्हणजे पाण्याचा नव्हे, वायूचा बर्फ. तो वितळत नाही, त्याचा नुसता पांढरा धूर होतो.

कुरियरवाले काका जिना चढत होते. खोक्याला मुद्दाम हवेसाठी ठेवलेली फट होती, आणि त्यातून धुराचा लोट. पहिल्या मजल्यावर क्लासच्या बाईंनी तो पाहिला. झालं! "बाहेर पळा!" म्हणून त्यांनी अख्खी दहावी रस्त्यावर काढली. आरडाओरडा ऐकून मी दार उघडलं, तर समोर धूर, धुरात काका. मी किंचाळले. मी किंचाळले म्हणून सोहम किंचाळला. (तो हे मान्य करत नाही.)

काका मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी खोका सावकाश खाली ठेवला, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "मॅडम, आधी सही करा. मग फुटू दे."

*

दर गुरुवारी दुपारी तीन देशांचा व्हिडिओ कॉल असतो. नेदरलँड्सहून पीटर. उंच, पांढऱ्या मिशांचा, विनोद केला तर हसत नाही आणि केला नाही तर अचानक हसतो. केनियाहून वांजिरू, माझ्याच वयाची, माझ्याच हुद्द्याची, पण कशालाच न घाबरणारी. तिची लॅब आमच्याआधी पक्की झालेली.

मे महिन्यात आमचे निकाल बिनसायला लागले. तोच नमुना, तीच औषधं, तेच मशीन; पण पीटरकडे एक उत्तर आणि आमच्याकडे भलतंच. एकदा झालं, दोनदा झालं. मॅडम जुने निकाल पुन्हा पुन्हा चाळायला लागल्या. माझी तर झोप उडाली. हात माझेच ना! असं चालू राहिलं तर पाहणीला यायचीसुद्धा गरज नाही, पीटर तिथूनच नाही म्हणेल.

एका गुरुवारी पीटरनं एकेक पायरी विचारायला घेतली. औषध किती? बरोबर. हलवलं किती? बरोबर. मग "मिश्रण अर्धा तास खोलीच्या तापमानाला ठेवा", ते ठेवलं? ठेवलं.

"तुमच्या खोलीचं तापमान किती असतं?" त्यानं सहज विचारलं.

सोहम म्हणाला, "कधीचं? सकाळचं की दुपारचं?"

वांजिरू म्हणाली, "माझ्याकडे सकाळी स्वेटर लागतो." आमचं ते टेबल खिडकीपाशी, पत्र्याच्या शेडवर उघडणाऱ्या. एसी फक्त मशीनच्या खोलीत. भोईरदादा कपाळ पुसत म्हणाले, "त्याला सांग, पापड ठेवला तर भाजून निघंल."

"आणि तुमच्याकडे किती असतं, डॉक्टर?" मॅडमनी विचारलं.

पीटर म्हणाला, "माझ्या खोलीत... खोलीचं तापमान असतं."

त्या गुरुवारपासून तिन्ही देशांच्या पद्धतीत 'खोलीचं तापमान' हे शब्द गेले आणि तिथे आकडा आला. आमचे निकाल जुळायला लागले. मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांना पीयूष पाजलं आणि म्हणाल्या, "चला, जागतिक विज्ञानाला ठाण्याचं योगदान. उकाडा!"

*

मग आला कोंबड्यांच्या चुलीचा किस्सा. हा भोईरदादांसमोर सांगायचा नाही. वहिनींसमोर तर मुळीच नाही.

आमचा नियम असा, की लॅबमध्ये काम करणाऱ्याच्या घरी कोंबड्या नसाव्यात. इकडचा रोग तिकडे आणि तिकडचा इकडे जाऊ नये म्हणून. भोईरदादांच्या आईकडे मात्र कोंबड्या होत्या, आणि त्या विकायचं नाव काढलं की ती माउली जेवण सोडायची. दादा हवालदिल. शेवटी मॅडमनी नियम नीट वाचून दाखवला: घर म्हणजे एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं.

दादांनी घरी जाऊन तसंच सांगितलं. आई म्हणाली, "यवढाच ना? मंग चूल येगली करू!"

आणि केली! मागच्या अंगणापलीकडे भाताचं जुनं कोठार होतं. ते सारवलं, चूल मांडली, मध्ये बांबूचं कुंपण घातलं. म्हातारी आणि कोंबड्या पलीकडे, मुलगा, सून, नातवंडं अलीकडे. भेटायचं ते रस्त्यावर. विज्ञानाच्या दृष्टीनं एकदम चोख काम! मॅडमनी फोटो काढून पीटरला पाठवले. त्यानं "उत्कृष्ट" म्हणून कळवलं.

पण गावाला विज्ञान कुठे माहीत? गावात एवढंच पसरलं, की भोईरांच्या सुनेनं सासूला घराबाहेर काढलं. कोठारात ठेवली! कोंबड्यांबरोबर! सुगंधावहिनी पाण्याला गेल्या तरी बायका बोलायच्या थांबायच्या. त्यांच्या माहेरून फोन आला, "असं शिकवलं होतं का तुला?"

वहिनी दादांवर उखडल्या. "लग्न झाल्यापासून सांगत होते, येगलं र्‍हाऊ, येगलं र्‍हाऊ. तवा तुमचा पाय निघाला नाय. आनि आता क? कोंबऱ्यांसाठी!"

*

या व्यवस्थेमुळे एक झालं. दादांनी आईच्या कोंबड्यांना हात लावायचा नाही, म्हणजे तिथले नमुने घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी! डोंबिवलीत कोंबडी पाहिलेली ती सोललेली.

कोंबडीच्या घशातून कापसाच्या काडीनं नमुना घ्यायचा असतो. पण त्यासाठी आधी कोंबडी हातात यायला हवी. मी पुढे गेले की ती फडफडायची, ती फडफडली की मी ओरडायची, मी ओरडले की बाकीच्या फडफडायच्या. दादांची आई उंबऱ्यात बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "अगो बाय, तू तिला भितंस क ती तुला? मना समजू तरी दे!"

रात्री मी वांजिरूला रडगाणं पाठवलं. तिचा आवाजी निरोप आला: "कोंबडीच्या डोक्यावर फडकं टाक. अंधार झाला की ती शांत होते. आणि हळू बोल. तिला वाटलं पाहिजे की तुला कसलीच घाई नाही."

पुढच्या वेळी तसंच केलं. जादूच! कोंबडी मांडीवर अशी बसली, जणू गादीवर लवंडली. मी आनंदानं मान वर केली, आणि नेमका मागे कोंबडा आरवला. मी किंचाळून उठले, कोंबडी एकीकडे, काडी एकीकडे!

दादांची आई उठली, आत गेली, दोरीवरचा टॉवेल घेऊन आली आणि तो माझ्या डोक्यावर टाकून म्हणाली, "बस आता. शांत र्‍हा."

*

शेवटी वर्ष सरलं आणि पीटर आला. पहिला दिवस लॅबमध्ये गेला. त्यानं सगळं पाहिलं. फ्रीज, लेबलं, लाल पट्टी. नुसतं हंऽऽ करायचा, आणि त्याच्या प्रत्येक हंऽऽला मी जवळचं लेबल पुन्हा वाचून बघायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांच्या आईकडे नमुने घेताना बघणार होता. त्याचा मुक्काम कल्याणला होता, म्हणून माझ्या आईनं हट्टच धरला, "वाटेवर डोंबिवली आहे. जेवायला न येता कसा जाईल?"

मी आईला बजावलं, "आई, माणूस स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक आहे. विशेषतः पाय. काही विचित्र करू नकोस."

आईनं ते फार मनावर घेतलं. पीटर आणि मॅडम जिना चढून आले, तर आमच्या दारात लादी पुसायचा निळा टब. त्यात पाणी, पाण्यात फिनाईल, बाजूला पाट आणि पाटावर कोरा टॉवेल. आई हसून उभी. "यावं, यावं. आधी पाय!"

मला वाटलं, संपलं सगळं. जमीन दुभंगून आत जावं. पण पीटरनं बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली आणि तो टबमध्ये उभा राहिला. भरपूर वेळ. मग म्हणाला, "इतक्या देशांत फिरलो. मला घराच्या दारात हे पहिल्यांदाच मिळालं."

आई म्हणाली, "त्याला सांग, आमच्याकडे पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतातच. फिनाईल तेवढं त्याच्यासाठी घातलं."

जेवायला भरली वांगी, अळूवडी, वरणभात, श्रीखंड. पीटर सगळं जेवला, पण नजर सारखी स्वयंपाकघराकडे. शेवटी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "चिकन नाही? भारतातल्या चिकनबद्दल मी खूप ऐकलंय."

मी आईला विचारलं. आईला धक्काच बसला. "अगं, तो कोंबड्यांचा डॉक्टर ना? त्याच्या ताटात पेशंट कसा वाढायचा?"

*

आणि आता दुसऱ्या दिवसाचा.

आमच्याकडे कुठल्याही अंगणात शिरण्याआधी फाटकावर एकानं उभं राहायचं आणि प्रत्येकाला विचारायचं: आज दुसरीकडे कुठे कोंबड्यांजवळ गेला होतात का? हेच बूट दुसरीकडे वापरलेत का? दोन्हींची उत्तरं 'नाही' असतील तरच आत. रोजची तीच माणसं असली तरी विचारायचं. सोहम तर मी तोंड उघडण्याआधीच "नाही नाही" म्हणून मोकळा होतो. दादांच्या आईच्या अंगणाचं फाटक माझ्याकडे, हे तर ठरलेलंच.

मी, मॅडम आणि दादा आधी पोचलो. दादा नियमाप्रमाणे कुंपणाबाहेरच थांबले. म्हातारी पहाटेपासून उठून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, कोलंबी शिजत होती, अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली. गोऱ्या पाहुण्याला पाहायला अर्धा गाव जमलेला. सोहम कल्याणहून पीटरला घेऊन आला.

मी फाटकात उभी राहून विचारलं, "आज दुसरीकडे कुठे कोंबड्यांजवळ गेला होतात का?"

सोहम म्हणाला, "नाही नाही."

पीटर म्हणाला, "हो!"

मला वाटलं, त्याला प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं. त्यानं आनंदानं फोन काढला आणि फोटो दाखवला. "सकाळी हॉटेलमागच्या गल्लीत फिरायला गेलो होतो. बघ, काय देखणा कोंबडा!" फोटोत पीटर, आणि त्याच्या कुशीत तांबड्या तुऱ्याचा भला थोरला कोंबडा.

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम समोरच्या शेवग्याकडे बघत होत्या. दादांकडे पाहिलं. दादा चपलेच्या अंगठ्याकडे. सोहम पीटरच्या पाठीमागून हातवारे करत होता, 'सोड ना, सोड ना!'

"सर," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच, दुसऱ्याच कोणा बारक्या बाईचा होता. "सर, तुम्हाला आज आत येता येणार नाही."

पीटर म्हणाला, "पण पाहणी करायला मीच आलोय."

"हो सर."

"तुमचे बूट घालतो. वरून तुमचा गाऊन घालतो."

"नाही सर. आज नाही."

"मी आत आलो नाही, तर मी बघणार काय? आणि बघितलं नाही, तर लिहिणार काय?"

म्हणजे नाहीच लिहिणार. म्हणजे लॅब बंद. म्हणजे मॅडमची इतक्या वर्षांची खटपट, दादांची वेगळी चूल, सोहमचं लग्न ठरत होतं ते, आणि बिल्डिंगभर पर्मनंट झालेली मी! सगळं त्या एका बांबूच्या फाटकाशी येऊन उभं होतं. आणि फाटकाआत खुराड्यात त्या सगळ्या कोंबड्या कुकुक करत होत्या.

"सॉरी सर," मी म्हटलं आणि फाटक ओढून घेतलं. कडी लागताना टाळांसारखी वाजली.

वाटलं आता पीटर चिडणार. चिडली ती म्हातारी! हाताला पीठ तशीच धावत आली. "क करतंस तू? पाव्हन्याला दारातून परत लावतंस? भोईरांच्या दारातून आजवर कोनी उपाशी गेला नाय! उघर ते फाटक!"

"आजी, तुमच्याच कोंबड्यांसाठी..."

"कोंबऱ्या माज्या, फाटक माजं, पाव्हना माजा! तू कोन गो?"

मी रडकुंडीला आले, पण कडीवरचा हात काही निघेना. धीरानं नव्हे, भीतीनं घट्ट बसला होता. शेवटी दादा कुंपणाबाहेरून ओरडले, "आये, ती सांगतेय ते बराबर हाय. खुर्ची बाहेर दे!"

म्हातारीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात विसरणार नाही. आणि मग खुर्ची बाहेर गेली. भाकऱ्या वहिनींच्या हाती गेल्या. गावाच्या साक्षीनं, रस्त्याच्या मधोमध, युरोपातल्या तज्ज्ञाला कोलंबी वाढली गेली. वाढणारी ती 'सासूला बाहेर काढणारी' सून, आणि कुंपणाआडून "अजून घाल गो त्याला!" म्हणणारी सासू. गावाचा गैरसमज तिथल्या तिथे मिटला.

पाहणीचं काय? सोहमनं तोड काढली. मॅडम फोन धरून आत आल्या आणि पीटरला व्हिडिओ कॉल लावला. वर्षभर तो नेदरलँड्सहून दिसायचा, त्या दिवशी कुंपणाच्या पलीकडून दिसला. एका हातात फोन, दुसऱ्यात भाकरी. रेंज मात्र नेदरलँड्सहून बरी येते. तो फोनमध्ये अडकायचा आणि कुंपणावरून ओरडायचा, "तुमचा आवाज बंद आहे!"

मी फडकं टाकून एकेक कोंबडी शांत केली आणि नमुने घेतले. कोणी आरवलं नाही. मीही नाही.

पीटर जाताना म्हातारीला नमस्कार करून गेला. मला काहीच बोलला नाही. हंऽऽसुद्धा नाही.

संध्याकाळी मी आईला सांगितलं, "आई, नोकरी गेली समज." आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एका कोंबड्यापायी!" पण रात्री मला न मागता तूप-मेतकूट-भात कालवून दिला.

पुढचा गुरुवार आला. मॅडम इस्त्रीची साडी नेसून आलेल्या. सोहमनं त्या दिवशी 'लोड नको घेऊस' एकदाही म्हटलं नाही. कॉल लागला. पीटरनं आधी केनियाचे आकडे वाचले, मग स्वतःचे, मग चष्मा सारखा केला आणि त्याच सुरात म्हणाला, "ठाण्याची लॅब आजपासून पक्की भागीदार. पुढचा मुद्दा."

पुढचा मुद्दा कोणी ऐकलाच नाही! दादांनी सोहमला उचललं. मॅडमनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. पीटर निघून गेला तरी आमचा गोंधळ चालूच. स्क्रीनवर फक्त वांजिरू उरलेली. गालावर हात ठेवून हसत बसलेली.

"अभिनंदन," ती मला म्हणाली. "खूप घाबरलीस ना फाटकावर?"

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. फोटो कसला होता?"

"कोंबड्याचा," मी म्हटलं.

"अच्छा," वांजिरू म्हणाली. "आमच्या वेळी बदक होतं."